जुन्या चरांत नवं पाणी

झ्विशावाने, झिंबाब्वे

तीर्थरूप आबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आबा, मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, "तिथल्या शेतकऱ्यांना तू शेती काय शिकवणार?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शिकवते ते पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या घडणीप्रमाणे आखलेली टिकाऊ शेती. ते मूळचं ऑस्ट्रेलियातलं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ते पुस्तकातून मांडलं. त्याचा ठरलेला अभ्यासक्रम ७२ तासांचा, बहुधा दोन आठवडे एका जागी राहून करायचा. पाणी, सरपण, लेकरं, गुरं टाकून इथली कोणती बाई दोन आठवडे घराबाहेर राहील? म्हणून आम्ही तो पार मोडून टाकलाय. आठवड्यातली एक सकाळ, कुणाच्या तरी शेतावर, शोना भाषेत. पावसाआधी फक्त माती आणि पाणी. तत्त्वं आणि आकृत्या सगळ्यात शेवटी.

समतल चर खणा म्हटलं की इथली म्हातारी माणसं गप्प होतात. गोऱ्यांच्या राज्यात त्यांच्याकडून सक्तीने चर खणून घेतले होते. माती वाहू नये म्हणून, पण त्यांना थोडा ढाळ दिलेला, पाणी शेताबाहेर काढायला. वर्षाला जेमतेम ४५० ते ६५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या रानातून तेही निघून जायचं! लोकांच्या मनात त्याची चीड अजून आहे, आणि मला ती योग्य वाटते.

याच जिल्ह्यातल्या झेफनाया फिरी मासेको या शेतकऱ्याने त्या चरांच्या तळाशीच मोठे खड्डे खणले. वाहून जाणारं पाणी खड्ड्यात थांबतं, मुरतं आणि खालच्या पिकाला ओल देतं. रानाच्या माथ्यावर खडकाळ टेकडी. तिच्यावरून सुटणारा लोंढा त्यांनी आधी दगडी बांधांनी संथ केला. ते २०१५ साली गेले. माझी शिकवणी त्यांच्या खड्ड्यांपासून सुरू होते. नवा चर खणायचा नाही, आहे तो आधी तपासायचा.

परवा एका आजींनी दोन काठ्या, एक आडवी काठी, दोरा आणि दगड घेऊन ए-फ्रेम, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची ‘A’ आकाराची चौकट, बांधली. दोरा आडव्या काठीला टेकला तिथे कोळशाने खूण केली, पायांची अदलाबदल करून दुसरी खूण केली आणि दोन्हींच्या मधोमध तिसरी, ठळक. मग ती घेऊन त्या स्वतःच जुन्या चरात उतरल्या. ढाळ कुठे किती आहे, ते बाकीच्यांना त्यांनीच दाखवलं.

आच्छादनाचा, म्हणजे काडीकचऱ्याने माती झाकण्याचा, धडा मात्र पुस्तकातल्यासारखा इथे चालत नाही. मक्याची काढणी झाली की गावची गुरं मोकळी सुटतात, ताटं खातात. उरलंसुरलं वाळवी नेते. कुणी एकट्याने ताटं राखायची म्हटलं तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. कोणतं रान किती दिवस बंद, बदल्यात शेण कुणाला, हे गावच्या प्रमुखासमोर बसूनच ठरतं. अभ्यासक्रमात या बैठकीचा तास नसतो. माझ्या मते तोच सगळ्यात मोठा तास आहे. इथल्याच चिमानीमानी भागातल्या चिकुकवा या वस्तीच्या लोकांनी आटलेले झरे जिवंत केले, तेव्हा शेतीच्या जोडीने भांडणं मिटवण्याचंही काम चालवलं.

आबा, आता तुम्ही सांगा. खड्डा भरून वाहू लागला तर जादा पाणी कोणत्या बाजूने काढावं? दगडी सांडवा किती रुंद ठेवावा? नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो, आणि वरचा खड्डा फुटला तर खालच्याचं शेत जाईल. रानाचा नकाशा सोबत जोडलाय, उताराच्या बाजूला बाण काढलेत. लवकर कळवा.

तुमची लेक