फॉरेन्सिक व्हॅन घटनास्थळी जाते. पीडितेकडे कोण जाणार?

महोदय,

राज्यात फिरत्या न्यायवैद्यक व्हॅन सुरू झाल्या याचा मला आनंद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. बलात्काराच्या गुन्ह्यात मात्र सर्वांत लवकर नष्ट होणारा पुरावा त्या बाईच्या अंगावर असतो. शेतात, झोपडीत व्हॅन पोहोचेल, आणि तिला मात्र पोलिसांच्या जीपमध्ये बसवून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेले जाईल. ग्रामीण रुग्णालयात नोकरी करताना मी हे पाहिले आहे, म्हणून लिहिते आहे.

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला असलेले सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ताच उरत नाही. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. तिथे महिला डॉक्टर नसेल तर 'रेफर' असा शेरा लिहून पुढे पाठवतात. पोलिसांना माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पीडितेला तपासणीसाठी पाठवावे, असे कायदा सांगतो. ती तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचेपर्यंत तिने काय सोसले, याची नोंद कुठेच होत नाही. तोवर आंघोळ करू नकोस, कपडे बदलू नकोस, शक्यतो लघवीलाही जाऊ नकोस, असे तिला बजावलेले असते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घटनेनंतर ९६ तासांपर्यंत स्वॅब घेता येतात, पण प्रत्येक तासागणिक हाती लागणारे कमी होत जाते. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर, तितकी उपयोगी. प्रवासातला विलंब म्हणजे पुराव्याइतकीच उपचाराचीही हानी.

यातले बरेचसे काम प्रशिक्षित परिचारिका उत्तम करू शकते. बाईला स्वच्छ कागदावर उभे करून कपडे उतरवायचे, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा, स्वॅब सावलीत वाळवून मगच सीलबंद करायचा. ओला स्वॅब प्लॅस्टिकमध्ये बांधला तर बुरशी येते आणि प्रयोगशाळेत जातो तो खराब नमुना. पाकीट कोणी कोणाला, किती वाजता दिले, याची सही राहून गेली तर न्यायालयात शंकेला फट मिळते. शिवाय तिच्याशी माडियात किंवा गोंडीत बोलणारे, प्रत्येक पायरीला 'हे करू का' असे विचारणारे कुणीतरी हवे. तिने नको म्हटले तर थांबणारेही. बाळंतपण आणि सर्पदंश यांच्यामध्ये अडकलेल्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून हे सारे कसे निभेल?

आपल्याच भागातल्या मथुरा या आदिवासी मुलीचे प्रकरण आठवा. देसाईगंज पोलीस ठाण्यातला १९७२ चा तो अत्याचार. तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. अंगावर जखमा नाहीत, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तिच्याच विरोधात धरली. त्या निकालावर देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटे घालून तपासणी, करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. निकाल बदलले, मुलीचा प्रवास तेवढाच लांब राहिला.

तपासणी नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची, असा कायदा आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच माझी मागणी फिरत्या पथकाची आहे: एक महिला डॉक्टर, दोन प्रशिक्षित परिचारिका, किट आणि औषधे. अमेरिकेत मेम्फिस, मिनियापोलिससारख्या शहरांत परिचारिकांनी हे काम १९७० च्या दशकातच हाती घेतले. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात बीएस्सी नर्सिंगला न्यायवैद्यक परिचर्या हा विषय आला आहे. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींना या कामाची पदे कुठे आहेत?

गाडी गावात आली की सगळ्या गावाला कळेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी गाडीवर काही लिहू नये, तिच्या घरी जाऊ नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पथकाने यावे आणि आशाताईने तिला तिथे आणावे. जिला गुन्हा नोंदवायचा नाही, तिलाही औषधे मिळालीच पाहिजेत. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहेच.

आरोग्य विभागाने असे पहिले पथक अहेरीत नेमावे, आणि ते पावसाळ्यापूर्वी नेमावे.

— एक निवृत्त परिचारिका, गडचिरोली