उन्हाळ्यात संगणकाच्या कॅबिनेटला वारा लागू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अकोल्यात मार्च संपत आला की माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकच तक्रार येऊ लागते : "मॅडम, कॉम्प्युटर दुपारी आपोआप बंद पडतो." सकाळी व्यवस्थित चालतो, बारानंतर मंदावतो, तीनच्या सुमारास बंद. तोवर कुणी व्हायरसच्या संशयाने विंडोज नव्याने टाकून घेतलेली असते, कुणी रॅम बदललेली असते. कॅबिनेट उघडून पाहावे तर बहुतेक वेळा आतला एकही भाग खराब नसतो. हवाच खेळत नसते.

कॅबिनेटमधला पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे खोली दहा अंशांनी जास्त तापली की प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, हीही साधारण तितकीच जास्त तापते. जानेवारीत ७० अंशांवर काम करणारा प्रोसेसर आमच्याकडच्या मे महिन्यात सहज ९०च्या घरात जातो. ९५ ते १०० अंशांना तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद होतो. पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डवरच्या कॅपॅसिटरनाही (वीज साठवणारे छोटे भाग) उष्णता मानवत नाही : तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. दुपारचे हे बंद पडणे सहन करत राहिले की पुढे मदरबोर्डचा खर्च अंगावर येतो.

एका शाळेच्या लॅबमध्ये सगळी कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यांत ठेवलेली होती. पुढे सनमायकाचे दार, त्याला कुलूप, मागे वायर जाण्यापुरते भोक. कॅबिनेटचा मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकत होता, पण ती त्या कप्प्यातच राहून पुढच्या जाळीतून पुन्हा आत जात होती. मी दारे काढायला लावली आणि मागची प्लायवूडची फळी कापून घेतली. त्यानंतर तेच संगणक भर दुपारी चालू लागले, एकाही मशीनला नवा सुटा भाग लागला नाही. चोरीची भीती मला मान्य आहे. पण बऱ्याच कॅबिनेटच्या मागे कुलूप अडकवायला कडी असते. साखळी बांधा, दार लावू नका.

पंखे कसे बसवले आहेत तेही पाहा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, मोकळ्या बाजूने आत ओढली जाते. पुढच्या पंख्याने बाहेरची हवा आत घ्यायची आणि मागच्या किंवा वरच्या पंख्याने गरम हवा बाहेर टाकायची. दोन्ही पंखे बाहेरच फेकणारे लावलेली कॅबिनेट माझ्याकडे नेहमी येतात. घरी तपासायचे तर पेटती उदबत्ती पुढच्या जाळीजवळ धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. मागे धरली तर तो दूर फेकला गेला पाहिजे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असलेली बरी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. अजून खात्री हवी असेल तर बाजूचे झाकण काढून दहा मिनिटे संगणक चालवा. तापमान झपकन उतरले तर कॅबिनेट कोंडलेले आहे, हे नक्की. मात्र झाकण कायमचे काढून ठेवू नका. धूळ तर आत जातेच, आमच्याकडे पालीही शिरतात.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, ऑफिसांतले संगणक वेगळेच. तिथे प्रोसेसरच्या पंख्याखाली, त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पत्र्यांवर रुईची गादी बसलेली असते, चिमट्याने धरली की अख्खी वर येते. वर पंखा जिवाच्या आकांताने फिरतो आणि खाली पत्र्यांना वारा लागत नाही. ब्लोअर मारण्याआधी ही गादी हाताने काढा आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. डेझर्ट कूलरचा झोतही थेट संगणकावर नको, ओलावा आणि धूळ मिळून आत चिकट थर बसतो. कूलरने खोली गार झाली, की त्याचा फायदा संगणकाला आपोआप मिळतो.

नवा संगणक घेणाऱ्या मुलांचे लक्ष काचेवर आणि रंगीत दिव्यांवर असते. पुढून काचेने बंद केलेली काही कॅबिनेट कडेच्या बोटभर फटीतून हवा घेतात. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात राहणाऱ्यांनी पुढे जाळी असलेलेच कॅबिनेट घ्यावे. दिवे त्यातही लावता येतात.

संस्थांच्या खरेदीबद्दल मात्र मला कळकळीने लिहावेसे वाटते. माझ्या पाहण्यात आलेल्या खरेदीच्या याद्यांत प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांचा बारीक तपशील असतो आणि कॅबिनेटपुढे नुसते 'कॅबिनेट' लिहिलेले असते. मग पुरवठादार सर्वांत स्वस्त, एका लहानशा पंख्याचा डबा देतो. शाळा, महाविद्यालये, जिल्हा परिषदा यांनी त्या यादीत एवढे वाढवावे : पुढे जाळी आणि काढून धुता येणारा फिल्टर, पुढे व मागे १२० मिलिमीटरचा एकेक पंखा, आणि मागून उघडी टेबले. साधा पंखा माझ्या दुकानात तीन-चारशे रुपयांना बसवून मिळतो.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. दहावीच्या निकालानंतर, ऐन उकाड्यात, गावोगावच्या सेवा केंद्रांवर पालकांची रांग लागते, आणि संगणक बंद पडला की उन्हात उभ्या असलेल्या लोकांना "उद्या या" ऐकावे लागते. केंद्रचालकांनी निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच कॅबिनेट उघडून साफ करून घ्यावे आणि ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावे.

आपली,
एक वाचक (संगणक दुरुस्ती व्यावसायिक),
अकोला