श्वास आदल्या दिवशीच शिकवा

महोदय,
आपल्या आरोग्य पुरवणीतील भुलीवरचा लेख वाचला. त्यात उपाशी राहण्याबद्दल सविस्तर माहिती आहे, फुप्फुसांबद्दल मात्र जेमतेम एक ओळ. पूर्ण भूल दिली की स्नायू सैलावतात, श्वासपटल (छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा) वर सरकते आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारी हवा सुमारे अर्ध्या लिटरने घटते. जवळपास ९० टक्के रुग्णांत फुप्फुसांचा तळाकडचा थोडा भाग मिटतो. तिथून जाणाऱ्या रक्ताला प्राणवायू मिळत नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हे काही दिवस टिकू शकते.

माझ्या आईला शस्त्रक्रियेनंतर, फुप्फुसांचा मिटलेला भाग उघडावा म्हणून, श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र हाती दिले. टाके ठणकत असताना ती बिचारी दोन दिवस त्यात फुंकत होती. हवा आत ओढायची असते, हे तिसऱ्या दिवशी एका परिचारिकेने सांगितले. तोवर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९१-९२ वरच घुटमळत होता.

दीर्घ श्वास कसा घ्यायचा, टाक्यांवर उशी दाबून कसे खोकायचे, हे दुखणे सुरू होण्याआधी, म्हणजे आदल्या दिवशीच प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाकडून करवून घ्यावे. त्याला पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

– एक वाचक, सांगली