छत्री लोकलमध्ये विसरली नव्हती

डोंबिवली,
बुधवार, १६ जुलै २०२५

प्रिय नंदे,

मार्चपासून तुला फोन केला नाही. तुझे दोन आले ते उचलले नाहीत आणि उलट ‘गडबडीत आहे गं, नंतर करते’ असा मेसेज टाकून मोकळी झाले. गडबड काही नव्हती. काकांच्या तेराव्याला तुमच्याकडून निघाले ती तुझ्याकडे न बघताच निघाले, हे तुझ्याही लक्षात आलं असणार. का ते लिहिते. फोनवर तू मला मध्येच तोडशील आणि ‘जाऊ दे गं’ म्हणशील, आणि या वेळी मला ते नको आहे.

आधी बाकीचं उरकते. माझं थायरॉईड आहे तिथेच आहे, गोळी चालू. यांची साखर बरी. आई न्हाणीघरात पडली होती, पण हाड मोडलं नाही. फिरते आता घरातल्या घरात.

तर रविवारी मी आणि चिऊ कोंडाण्याला जाऊन आलो.

हो, तिथेच. २८ वर्षांनी. तिच्या कॉलेजच्या ग्रुपचं ऑगस्टमध्ये कोंडाणे लेणी करून वर राजमाचीला जायचं ठरतंय. त्याआधी मला घेऊन जा म्हणून महिनाभर मागे लागली होती. ‘आई, तुझा तो ओढा मला दाखव.’ तुझा तो ओढा, असं म्हणाली बघ. त्याबद्दल पुढे लिहिते.

पहाटेची कर्जत पकडली. वांगणीच्या पुढे दोन्ही बाजूंना लावणी चाललेली, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, तेच सगळं. कर्जतला उतरून वडे खाल्ले. चिऊने दोन, मी एक. तुझा चार वड्यांचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि पाचवा फक्त पैसे संपले म्हणून राहिला, हे मी तिला शपथेवर सांगितलं. कोंदिवड्यापर्यंत रिक्षा केली. पुढे चालत. उल्हास नदी तिथे अजून लहान, पोरासोरांनी डुंबावं अशी. चिऊला म्हटलं, हीच नदी २६ जुलै २००५ ला बदलापुरात घराघरांत शिरली होती. तू तेव्हा तीन महिन्यांची होतीस आणि आपण दिवा लावून बसलो होतो. तिने ऐकून घेतलं. विसाव्या वर्षी अशा गोष्टी आपणही अशाच ऐकून घ्यायचो.

ओढा जाताना घोट्याएवढा होता. पाणी असं नितळ की तळातले गोटे मोजावेत. चिऊ त्यातून बूट हातात घेऊन पळत गेली आणि पलीकडून ओरडली, ‘हाच? एवढासाच?’ मी म्हटलं, हाच.

लेणी आहेत तशीच आहेत गं. कड्यावरून पाण्याची धार चैत्याच्या तोंडावर पडते आणि आपण त्या पडद्यामागून आत शिरतो. आत गेल्यावर बाहेरचं जग नुसतं पांढरं दिसतं. सर सांगायचे ना, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हाताला लाकडाची सवय होती, म्हणून त्यांनी दगडातसुद्धा लाकडाचंच घर कोरलं. कमानी, वासे, सज्जे, जाळ्या. ज्या तुळयांवर काही तोलायचंच नाही, त्याही दगडात काढल्या. चिऊ मान वर करून ते बघत राहिली. मग मी तिला त्या तुटक्या मूर्तीच्या डोक्याजवळ नेलं. ती ब्राह्मी अक्षरं अजून आहेत. अधिकच्या चिन्हासारखा ‘क’, चौकोनी ‘ब’. मी बोट न लावता हवेतूनच गिरवलं आणि तोंडातून आपोआप आलं, ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. तुला त्या उताऱ्याचे १८ मिळाले होते आणि मला १६, कारण माझा ‘ब’ गोल झाला होता. त्यावरून मी तुझ्याशी कर्जत ते डोंबिवली बोलले नव्हते. आणि मग वर्गाने तुला कण्ह आणि मला बलक करून टाकलं. तुझ्या मागे मागे असायचे म्हणून. चिऊला हे नाव फार आवडलं. परत येईपर्यंत मला बलकच म्हणत होती.

आता खरं.

साडेअकराला निघालो. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, ऊन पडेल की काय असं वाटत होतं. पण राजमाचीच्या बाजूला वर सगळं काळं झालेलं. ओढ्यापाशी आलो तर तो ओढा ओळखू येईना. रंग चहासारखा. पानं, काटक्या, अख्खी फांदी वाहत येत होती. आणि तो आवाज, नंदे. पाण्याचा नव्हे, त्याच्या खालून येणारा, गोटे एकमेकांवर आपटत जाण्याचा. तो मी ऐकला आणि माझे पाय होते तिथे थांबले.

पाच मुलं हातात हात घालून साखळी करून उतरली. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत. तिसऱ्याची चप्पल गेली, चौथा एकदा भेलकांडला, पण गेली पलीकडे. तिथून हाका मारायला लागली, ‘या काकू, काही नाही होत!’ चिऊने बॅग पाठीवर घट्ट केली आणि एक पाय पाण्यात घातला. मी मागून तिची बॅग धरली आणि म्हणाले, ‘पाणी गढूळ झालंय. आता नाही. बसायचं.’

हे तुझं वाक्य आहे. शब्द न् शब्द तुझं. जुलै १९९७, तोच काठ. माझ्या तोंडून ते बाहेर पडलं आणि मला तुझा आवाज ऐकू आला.

आणि चिऊ काय म्हणाली सांगू? म्हणाली, ‘आई, नंदामावशीसारखं करू नकोस ना.’

कारण मी तिला लहानपणापासून ती गोष्ट सांगत आले आहे. अंधारात भीती वाटली की, शाळेच्या नाटकात स्टेजवर जायला घाबरली की. आई कॉलेजात असताना एक ओढा होता, खूप पाणी होतं, सगळे घाबरले, नंदामावशी तर काठावर बसून रडायला लागली, पण आई गेली. धाडधाड गेली. मी हे सांगितलंय नंदे. एकदा नाही, शंभरदा. तू रडत बसलीस, असं सांगितलंय.

तू काठावर बसली नव्हतीस. पालथी पडली होतीस. मी तुला ‘भित्री भागूबाई’ म्हणून उतरले, चौथ्या पावलाला दगड पायाखालून सरकला आणि मी कमरेत वाकून पडले. मग मला फक्त पाणी आणि माती आठवते आणि ती वाकडी मूठ. आजोबांच्या काळ्या छत्रीची. तू दोन्ही हातांनी छत्रीचं टोक धरून मूठ माझ्याकडे केली होतीस, आणि मला काठावर ओढताना तुझं कोपर खडकावर सोलवटून निघत होतं तरी सोडलं नाहीस. मी वर आले आणि छत्री गेली. उलटी झाली, काळ्या कावळ्यासारखी एकदा फडफडली आणि गेली.

परत येताना मीच म्हटलं होतं ना, घरी सांगायचं नाही, मला कधी पाठवणार नाहीत. तुझं कोपर जिन्यावर घसरल्याचं आणि छत्री लोकलमध्ये विसरल्याचं मीच ठरवलं. कल्याण यायच्या आत दोन्ही खोट्या गोष्टी तयार होत्या. मला ओरडा पडला नाही. तुला पडला.

आणि तेराव्याला दादाने ती गोष्ट काढली. हसत हसतच काढली, त्याचं काही चुकलं नाही, सगळे काकांच्या आठवणीच सांगत होते. म्हणाला, ‘नंदीने आजोबांची छत्री लोकलमध्ये घालवली, तर बाबा दोन शनिवार व्हीटीला जाऊन हरवलेल्या सामानात शोधून आले. वडिलांची होती ना.’ मला हे माहीत नव्हतं. तुला होतं का? मला ओरड्यापुरतं माहीत होतं. काका भर पावसाळ्यात दोन शनिवार व्हीटीला जाऊन, जी छत्री उल्हास नदीतून कधीच पुढे गेली होती ती शोधत होते, हे मी त्यांच्या तेराव्याला पानावर बसून ऐकलं. लाडू तोंडात होता. तू वाढत होतीस. दादाचं बोलणं संपलं तेव्हा तू माझ्या समोर आलीस, एकदा बघितलंस आणि विचारलंस, ‘अजून भात वाढू?’

मी ‘नको’ म्हटलं. एवढंच बोलू शकले. तेव्हाच सगळ्यांदेखत सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. म्हणून चार महिने तुझ्याशी बोलता आलं नाही.

रविवारी त्या काठावर आम्ही दीड तास बसलो. ठाकरवाडीतले एक म्हातारे बाबा आले, डोक्यावर गोणीची खोळ. त्यांनी पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एक काडी घेऊन पाण्याच्या बरोब्बर कडेला चिखलात रोवली. ‘वर पडलाय. उतरंल. काडी बघा.’ आणि तेही बसले, बिडी काढून. आम्ही तिघं ती काडी बघत बसलो. पहिला अर्धा तास पाणी काडीच्या वर चढलं, बोटभर, मग दोन बोटं. मग थांबलं. एक मुठ्या खेकडा काठावर येऊन त्या काडीला नांगी लावून गेला. मग काडीच्या खालचा चिखल दिसायला लागला, आधी ओला चकचकीत, मग त्यावर मुंग्या फिरायला लागल्या. काडी पाण्यापासून हातभर लांब राहिली तेव्हा बाबा उठले, चिऊला म्हणाले, ‘पिशवीचा पट्टा सोड, पोरी. पडलीस तं ती तुला नेईल.’ आणि पुढे चालायला लागले. गुडघ्याच्या खाली होतं पाणी. पाच मिनिटांत पलीकडे.

त्या दीड तासात मला तिला सांगता आलं असतं. ती माझ्यावर रागावून तोंड फिरवून बसली होती, दुसरं काही करायलाही नव्हतं. तरी नाही सांगितलं. मनात म्हटलं, छत्रीची गोष्ट अर्धी नंदीची आहे, तिला विचारल्याशिवाय कशी फोडू. पण ते काही खरं कारण नाही. गोष्टीतल्या त्या धाडधाड जाणाऱ्या आईचा चिऊला केवढा अभिमान आहे, ते मला माहीत आहे. तो जायला नको होता.

आणि हीच काळजी आहे, नंदे. झोप लागत नाही. ती ऑगस्टमध्ये जाणार. मी नाही म्हटलं तर ऐकणार नाही, आणि मला नाही म्हणायचंही नाहीये, तिने रान बघावं. पण ओढ्याच्या काठाशी ती उभी राहील तेव्हा तिच्या डोक्यात माझी गोष्ट असेल. आई गेली होती. पाच जण पलीकडून हाका मारतील आणि ती जाईल. गेल्या वर्षी जूनअखेर भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यातला तो व्हिडिओ आला होता, एकमेकांना धरून उभं असलेलं ते कुटुंब, तो चिऊनेही बघितलाय. तेव्हा हळहळली होती. पण तो व्हिडिओ एक दिवस बघितलाय आणि माझी गोष्ट वीस वर्षं ऐकलीय. रविवारचंही तिने काही मनावर घेतलेलं नाही. ती मुलं तर गेली की पलीकडे, असंच म्हणते. आणि गेली हे खरंच आहे, त्याला मी काय उत्तर देणार?

तुझं कसं चाललंय? गुडघ्याचं पुढे काय ठरलं, एमआरआय काढलास का? तुझ्या मिस्टरांची बदली नागपुरातच झाली ना, की पुन्हा चंद्रपूर? धाकट्याच्या ॲडमिशनचं कळव. तुझी संत्राबर्फी मे महिन्यात पोचली होती, तेही कळवलं नाही मी.

हे पत्र सुरू केलं तेव्हा तुला विचारणार होते, की चिऊला सांगू का, दादाला सांगू का, काकूंना या वयात सांगणं बरं का. चार पानं झाली, आता विचारत नाही. तू ‘जाऊ दे’ म्हणशील, २८ वर्षं तू तेच म्हणत आलीस, आणि मी ते सोयीने ऐकत आले.

येत्या रविवारी सकाळी चिऊला घेऊन काकूंकडे जाते आहे. दादाला फोन करून ठेवलाय, तोही असणार आहे. छत्री कुठे गेली आणि का गेली, ते काकूंसमोर सांगणार आहे, आणि काठावर कोण होतं तेही चिऊला त्याच वेळी कळू दे. तिला तुझं कोपर बघायचं असेल, तर त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू. बाहीचा ब्लाऊज घालून बसू नकोस.

काकूंना आधी फोन करून काही सांगू नकोस. हे मला सांगू दे.

तुझी,
बलक