फ्रेमच्या कोपऱ्यातला दिवा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ‘स्मार्ट’ चष्म्यांवरचा, म्हणजे आत संगणक आणि कॅमेरा बसवलेल्या चष्म्यांवरचा लेख वाचला. पिक्सेल, प्रोसेसर, डॉलर सगळं आलं. नाक आणि कान तेवढे राहिले. सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे, २७ वर्षं झाली, म्हणून चार ओळी लिहितो.

साधी प्लास्टिकची फ्रेम काचांसह २५-३० ग्रॅमची. तीही जड होते म्हणून लोक आठवड्याने परत येतात आणि नाकावरचे लाल वण दाखवतात. ॲपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आणलेला ‘व्हिजन प्रो’, डोळ्यांसमोर पडदे असलेला टोपच तो, ६०० ग्रॅमच्या पुढे, वर बॅटरी वेगळी, वायर लावून खिशात ठेवायची. नंबर असेल तर त्याच्या काचा निराळ्या घ्यायच्या. शिवाय या टोपांचा मूळ दोष असा की, चित्रातली वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण फोकस मात्र एकाच ठरावीक अंतरावर धरून ठेवावा लागतो. डोळा या दोन गोष्टी लहानपणापासून जोडीने करत आलेला. ती जोडी फुटली की डोकं धरतं. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये होलोलेन्स हा आपला टोप बनवणं थांबवलं, मेटाच्या (फेसबुकवाली कंपनी) असे टोप आणि चष्मे बनवणाऱ्या विभागाने त्याच वर्षी १७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा दाखवला, याचं मला नवल वाटलं नाही. १९६८ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँड यांनी केलेला असा पहिला टोप छताला टांगलेला होता. तो अजून पुरता खाली उतरलेला नाही म्हणायचा.

चष्मा मात्र उतरलाय. रे-बॅन आणि मेटाचा कॅमेऱ्याचा चष्मा मे २०२५ पासून आपल्याकडे मिळतो, तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून पुढे होती. वजन ५० ग्रॅमच्या आसपास, दिसायला साधा गॉगल. २०१३ चा गूगल ग्लास हा कॅमेऱ्याचाच चष्मा, पण लांबूनच ओळखू यायचा, अमेरिकेत काही बारमालकांनी तो घालून येणाऱ्याला दारातच अडवलं होतं. याला कोण आणि कसं अडवणार?

गेल्या महिन्यात कॉलेजातला एक मुलगा असाच एक चष्मा (कंपनी कुठली ते सोडा) घेऊन आला. सैल होतो म्हणाला. एरवी दांडी हीटरवर गरम करून कानामागे जरा वाकवतो, अर्ध्या मिनिटाचं काम. इथे दांडीच्या पोटात बॅटरी, तिला उष्णता दाखवायची सोय नाही. तसं सांगितलं, तर त्याला फारसं वाईट वाटलं नाही. मग त्याने खरं काम काढलं. शूटिंग चालू असताना फ्रेमच्या कोपऱ्यात मोहरीएवढा पांढरा दिवा लागतो. “काका, हा घालवता येईल का? टेप लावली तर कॅमेराच चालत नाही.” कशाला, विचारलं. “लोक कॉन्शस होतात ओ, नॅचरल येत नाही.” मुलगा वाईट नव्हता. चष्मा त्याच्या हातात परत दिला. पण मी नाही म्हटलं म्हणून पुढच्या गल्लीतला कोणी हो म्हणणार नाही, असं थोडंच आहे?

२०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, धोका दाखवण्यासाठीच, अशा चष्म्याला चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची माहिती काढून दाखवली होती. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. मग एसटी स्टँडवर समोरच्या बाकड्यावर बसलेल्या बाईने दाद कुठे मागायची?

मी या वस्तूच्या विरोधात नाही. दृष्टी गेलेल्या माणसाला हा चष्मा समोरची पाटी वाचून सांगतो. ज्यांना आजवर मी ‘आता नंबर बदलून उपयोग नाही’ एवढंच सांगू शकलो, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न त्या मोहरीएवढ्या दिव्याचा आहे. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनचा फोटो काढतानाचा आवाज वर्षानुवर्षे बंद करता येत नसे. आपल्याकडे हेल्मेटला शिक्का लागतो. तसं या दिव्याचं मानक भारतीय मानक ब्युरोने ठरवावं: किती मोठा, भर उन्हात किती लांबून दिसला पाहिजे, आणि फोडला तर कॅमेरा कायमचा बंद. स्वस्त नकला रस्त्यावरच्या गॉगलवाल्याकडे टांगल्या जाण्याआधी हे झालं तर उपयोग.

तोवर मी आपली एक पाटी लावली आहे: ‘डोळे तपासायच्या खोलीत येताना कॅमेऱ्याचा चष्मा काउंटरवर काढून ठेवावा.’ परवा एका आजींनी ती वाचून आपला साधा चष्माच काढून ठेवला, आणि मग त्यांना खुर्ची सापडेना.

आपला,
एक चष्मेवाला, सांगली