जुन्या घराची दुरुस्ती : आधी चुना ओळखा, मग पहार उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की बेळगावात घरदुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव, तसेच खानापूर-निपाणीकडे १९४० ते १९६५ च्या सुमाराची बैठी आणि एक माडीची घरे अजून बरीच उभी आहेत. त्यांतली कित्येक पाडल्यामुळे नाही, तर दुरुस्तीमुळे बिघडतात. आमचा रोजचा संबंध याच कामाशी असल्याने थोडे तपशिलात लिहितो.

बहुतेक बिघाडाचे मूळ एकच असते. भिंत चुन्याची असते आणि गवंडी तिला सिमेंटची समजतो. दुसऱ्या महायुद्धापासून पुढची अनेक दशके सिमेंटवर बहुतांश काळ सरकारी नियंत्रण होते. ते १९८२ मध्ये अर्धवट आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. त्यामुळे १९५०च्या दशकातल्या घरांतही स्लॅबला सिमेंट आणि भिंतींना चुना, असा प्रकार सर्रास आढळतो. ओळखायचे सोपे आहे. गिलाव्याचा पापुद्रा काढून सांध्यात खिळा ओढा. पांढरट भुगा सहज निघाला तर चुना. खिळा नुसता करकरला तर सिमेंट.

जांभा किंवा विटेची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकते. अशा भिंतीवर १:४ सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. ती वर चढते, खिडकीच्या तळापर्यंत जाते, लोणा फुटतो (भिंतीतला क्षार पांढरा होऊन बाहेर येतो) आणि काही पावसाळ्यांत गिलावा जांभ्याचा दर्शनी थर घेऊनच खाली येतो. मग वरून ‘वॉटरप्रूफ’ रंग मारला जातो आणि ओल आणखी कोंडते.

योग्य रीत अशी. कळीचा चुना टाकीत विझवून किमान १५ दिवस पाण्याखाली ठेवावा आणि चाळून घ्यावा. भिंत आदल्या दिवशी भिजवावी. पहिला हात एक भाग चुना, दीड भाग वाळू, दीड भाग सुरखी (विटांची भुकटी). जाडी १२ मिलिमीटर. दुसरा हात एकास दोन, बारीक वाळूचा, ५-६ मिलिमीटर. नंतर आठ-दहा दिवस ओले पोते लटकवून दमट ठेवावे. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. एप्रिलच्या उन्हात चुना पकडण्याआधीच सुकतो आणि पावडर होतो. गूळ आणि हिरडा घालण्याची चर्चा फार चालते, पण चुना नीट विझला नसेल आणि भिंत दमट ठेवली नसेल तर गुळाने काही साधत नाही. चुन्याचा गवंडी मिळतच नसेल तर नाइलाज म्हणून एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू हे मिश्रण चालेल. निव्वळ सिमेंट मात्र नको. वर चुन्याची सफेदी तीन हात. गिलाव्याचा खालचा काठ बाहेरच्या जमिनीपासून सहा इंच वर थांबवावा आणि भिंतीलगत फूटभर पट्टी फरशी न बसवता खडीची ठेवावी.

आता छप्पर. मंगळुरी कौले काढून स्लॅब टाकण्याचा मोह मोठा असतो. आधी वजनाचा हिशेब करा. कौलारू छप्पर वासे-रिपांसह चौरस फुटाला साधारण सहा किलो भरते. पाच इंची स्लॅब एकटाच २९ किलो, त्यावर पाणी अडवणाऱ्या कोब्याच्या थराचे वजन वेगळे. हा भार चुन्याच्या भिंतीवर आणि तिच्या उथळ पायावर येतो. अभियंत्याने पाया उघडून पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. कौले गळतात ती बहुधा फुटल्यामुळे नव्हे, तर रिपा वाकल्यामुळे, खाचांत शेवाळ साचल्यामुळे किंवा आढ्याच्या कोन्यांचा (माथ्यावरच्या कौलांचा) मसाला सुटल्यामुळे. कौले उतरवा, तारेच्या ब्रशने घासा, कुजलेल्या रिपा बदला. १०० चौरस फुटांना साधारण १५० कौले लागतात; बदलीसाठी दहा टक्के जास्तीची धरा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते ते जरूर वाचा. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा बहुधा जुळत नाहीत, म्हणून निरनिराळी कौले एकाच उतारावर मिसळू नका. एक उतार एका कारखान्याच्या कौलांचा आणि दुसरा दुसऱ्याच्या, असे करा. रिपांतले अंतर छापील मापावरून ठरवू नका, हातातले कौल ठेवून ठरवा. कौलांवर रंगीत पत्रा चढवणे म्हणजे दुखणे झाकणे. गळती कुठली ते कळत नाही आणि वासे आतल्या आत कुजतात.

फरशीबाबत सर्वांत जास्त नुकसान एका आठवड्यात होते. जुन्या फरशीवरच नवी व्हिट्रिफाइड टाइल बसवली की मसाल्यासह पातळी दीड-दोन इंच वर येते. मग दारांच्या झडपा खालून कापाव्या लागतात, उंबरठा बुडतो आणि जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा आखूड होते. माणूस तिथेच अडखळतो, विशेषतः म्हातारे.

जुनी फरशी ओळखणे आधी महत्त्वाचे, कारण तीन प्रकारांना तीन वेगळे उपचार लागतात. पहिला प्रकार मोझॅक, म्हणजे दगडाच्या चिपांचा. तो मशीनने घासता येतो: आधी ६० नंबरचा दगड, मग त्याच रंगाच्या सिमेंटची लापशी भरून पाच-सहा दिवस भिजवणे, पुढे १२० आणि ३२०, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हात आणि भरपूर पाण्याने धुणे. दुसरा प्रकार फुलापानांच्या नक्षीच्या आठ इंची सिमेंट टाइल. त्यांना मशीन लावूच नका! रंगाचा थर जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा असतो. ६० नंबर फिरला की फुले गेली. साध्या साबणाने धुवा, वाळू द्या, मेण चोळा. मोकळ्या झालेल्या टाइल पाठीवर खडूने क्रमांक घालून उचला, मसाला साफ करा आणि त्याच जागी बसवा. फुटलेल्या थोड्याच असतील तर कपाटाखालच्या काढून दर्शनी भागात लावाव्यात आणि कपाटाखाली साधी फरशी टाकावी. नव्या हव्याच असतील तर १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज अजून तसल्या टाइल बनवते. तिसरा प्रकार घोटलेला लाल कोबा, म्हणजे लाल रंग मिसळलेल्या सिमेंटची सलग जमीन. त्यावरच काय, तिन्ही प्रकारांवर सर्वांत वाईट काही पडू शकत असेल तर ते संडास धुण्याचे ॲसिड. भेगा भरताना सिमेंटमध्ये लाल रंग बेताचाच घाला, जास्त झाला की थर ठिसूळ होतो. भरलेली पट्टी आठवडाभर भिजवा. रंग थोडा वेगळा दिसेलच, तो दिसू द्यावा. हुबेहूब जुळवण्याच्या नादात संपूर्ण खोली उखडण्यात अर्थ नाही.

खिडक्यांचे सांगायचे तर लाकडी झडपा किंवा लोखंडी तावदाने काढून ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी लावली की उघडणारी जागा सरळ निम्मी होते. आपल्याकडच्या तिरप्या पावसात तिच्या रुळात पाणी साचते आणि पाणी जायची भोके बाहेरच्या बाजूला नसतील तर ते खोलीत उतरते. जुनी चौकट सहसा खालच्या सहा इंचांतच कुजते. तेवढाच भाग तिरका सांधा करून जुन्या सागवानाचा बसवता येतो. बाकीची चौकट पुढेही चालते. लोखंडी खिडकीचा गंज खरवडून झिंक प्रायमर मारावा आणि काचेची पुट्टी खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाची करावी. नऊ फुटांवर पीओपीचे छत घालून वरचे झरोके झाकू नका; गरम हवा त्यांतूनच बाहेर जाते आणि गळतीही तिथूनच आधी दिसते.

वायरिंग मात्र पूर्ण बदला, इथे हळवेपणा नको. जुन्या लाकडी पट्टीवरच्या रबरी वायरचे आवरण ठिसूळ झालेले असते आणि अर्थिंग बहुधा नसतेच. नवी वायर भिंतीवरून केसिंगमध्ये (झाकणाच्या पट्टीत) घ्या. खाच मारणे भागच असेल तर उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी एकषष्ठांशापेक्षा खोल नसावी. मोरी आणि स्वयंपाकघरही हवे तसे नवे करा. तिथे जुने जपण्यापेक्षा पाण्याची सोय महत्त्वाची.

एक सावधगिरी. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाली. म्हणून दारे-खिडक्यांचा रंग कोरडा घासू नका, दिव्याने जाळूही नका. पाणी मारून खरवडा, लहान मुलांना दूर ठेवा आणि कचरा गोळा करून पिशवीत बांधा. मागच्या बाजूला ॲस्बेस्टॉसचा पत्रा असेल तर तो कापू वा भोके पाडू नका, अखंड उतरवा.

कंत्राटदाराशी करार करताना ‘काय करायचे’ याच्या आधी ‘काय तोडायचे नाही’ याची यादी खोलीनिहाय, फोटोंसह लिहून सही घ्यावी. उतरवलेली दारे, कौले, बिजागऱ्या आणि फरशा मालकाच्या, हेही त्यात लिहावे. नाहीतर या वस्तू संध्याकाळी गाडीत भरून जातात.

शेवटी महापालिकेकडे एक मागणी. गल्लीतला रस्ता दरवेळी जुन्या डांबरावरच नवे डांबर टाकून केला जातो. तो वर येतो आणि जुन्या घराचे जोते खाली जाते. मग वरील सर्व उपाय करूनही पावसाचे पाणी घराच्या पायात येते. निविदेतच जुना थर खरवडून काढण्याची अट घालावी आणि गटाराची पातळी घरांच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली ठेवावी. पुढच्या पावसाळ्याआधी निघणाऱ्या कामांत ही अट असावी.

आपला,
बांधकाम व्यवसायातील एक वाचक
हिंदवाडी, बेळगाव