टिकल्यांची नळी

बोइसी, आयडाहो
शनिवार सकाळ

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. स्वेटर घालते, वेळेवर जेवते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल.

आई, त्या दिवशी मी गॅरेजमध्ये कपडे धुवायला टाकत होते, मागच्या टेबलावर तुला व्हिडिओ कॉलवर काडतुसं दिसली आणि तू फोन ठेवून थेट मामीला लावलास. आता अख्ख्या त्रिमूर्तीनगरात झालं असेल की पोरगी बंदूकवाल्याकडे राहते. अगं, घरमालक आजोबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. इथे लोक स्वतःपुरती काडतुसं घरी भरतात, त्याला परवाना लागत नाही. आपल्याकडे शस्त्र कायद्यात थेट आत जाईल माणूस, हे मलाही कळतं. आणि मी कशालाही हात लावत नाही. माझ्या व्हिसावर काडतूस जवळ बाळगायचीही मुभा नाही. शिकारीचा परवाना काढणाऱ्यांना सूट असते म्हणे, पण मी काय वाघ मारायला आले आहे?

बाबांना मात्र सांगायलाच हवं. उडवलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं फेकत नाहीत, पुन्हा भरतात. बुडाशी टिकली बसते, तिला प्रायमर म्हणतात. आपल्या दिवाळीतल्या टिकलीसारखीच, फक्त धातूच्या वाटीत, मसुराएवढी. एका ट्रेमध्ये शंभर येतात. आजोबा त्या एका गोल ताटलीत ओततात. ताटलीत बारीक कंगोरे असतात. आई सुपात गहू हलवते तशी ती हलक्या हाताने हलवली की वाटीच्या कडा कंगोऱ्यांत अडकतात आणि एकेक टिकली उलटत जाते, शेवटी सगळ्यांची चकचकीत बाजू खाली. मग झाकण लावून ताटली पालथी केली की ती वर. मग एक लांब बारीक नळी घेऊन प्रत्येक टिकलीवर टोक दाबायचं, टक, टक, टक. टोकाला प्लास्टिकची चिमटी असते, त्यातून टिकली आत जाते, बाहेर येत नाही. भरलेली नळी काडतुसं भरायच्या यंत्रावर उलटी धरून दुसऱ्या टोकाची पिन ओढली की शंभरही खाली उतरतात. तिथे चकचकीत बाजू खाली हवी, म्हणूनच ताटलीत ती वर. एक जरी उलटी गेली तरी ते काडतूस वाया. आजोबा बसल्या बसल्या आधी चार नळ्या भरून घेतात, मग यंत्राला हात लावतात. मधे उठावं लागलं की मोजणी चुकते, म्हणतात.

बाबा, तुम्ही सांगायचात ना, अंबाझरीच्या ऑर्डनन्स (दारूगोळा) फॅक्टरीच्या गेटवर काडेपेटी काढून घ्यायचे. यांचंही तसंच आहे. चष्मा, सिगरेट नाही, लोकरी कपडे नाहीत, आणि नळी अडली तर काडीने ठोसायची नाही. एक फुटली तर सगळ्या फुटू शकतात. (हे आईला वाचून दाखवू नका.) मी सांगितलं, माझे वडील ऑर्डनन्सवाले, तेव्हापासून मला चहा मिळतो. बेचव असतो. दर शनिवारी नळ्या भरून झाल्या की फोन समोर ठेवून बसतात. मुलगी सिॲटलला असते. मागच्या दोन शनिवारी काही वाजला नाही, मग मीच जरा वेळ तिथे थांबले.

पैसे पाठवलेत, साठ हजार. आधी बाबांचा मोतीबिंदू, गच्चीचं नंतर बघू. बाबा, याला कर्ज म्हणू नका.

अमरावतीच्या स्थळाचा फोन मी मुद्दाम चुकवला नाही. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे माझे सकाळचे साडेनऊ, मी मीटिंगमध्ये होते. मुलगा चांगला असेल. मी नाही म्हणत नाहीये, एवढंच त्यांना कळवा. आई, यावरून बाबांशी भांडू नकोस.

आणि दिवाळीला जमत नाही. तिकीट बघितलं होतं, दोनदा. रजा शिल्लक आहे असं मी म्हणाले होते, ती आता नाही. जानेवारीचं बघते. संत्रा बर्फी पाठवू नका, वाटेत खराब होते. चकलीची भाजणी मात्र पाठवा, आणि कडकडीत मोहन किती घालायचं ते आईने स्वतःच्या हाताने लिहून.

तुमची
मनू